इंजिन का तापतं? समुद्राच्या पाण्याशी दोनशे वर्षांचा व्यवहार

आजचा विषय पत्रिकेवर वाचून काही जणांनी दारातच विचारलं, की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की गॅरेजचं? प्रश्न रास्त आहे. उत्तर तासाभराने तुम्हीच द्या. आमचं म्हणणं एवढंच, की होडीचं इंजिन तापल्यावर मेकॅनिक ज्या क्रमाने एकेक गोष्ट तपासतो, तो क्रम हा एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. तो कुठल्या दफ्तरखान्यात नाही. मिरकरवाड्याच्या, हर्णेच्या, ससून डॉकच्या धक्क्यावर तो हातांमध्ये जपलेला आहे. आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीमागे कुणाचं तरी फसलेलं जहाज आहे.

आधी प्रसंग डोळ्यांसमोर आणू. मच्छीमार नौका किनाऱ्यापासून वीस-पंचवीस मैल बाहेर आहे. जाळं ओढून झालंय, परतीचा रस्ता धरलाय. तांडेलाचं लक्ष जातं तर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला. तो थ्रॉटल मागे घेतो आणि मागच्या बाजूला वाकून बघतो: धुराबरोबर पाणी बाहेर पडतंय का? अशा बहुतेक इंजिनांमध्ये समुद्राचं पाणी आत घेतात, इंजिनाची उष्णता त्याला देतात आणि ते धुराड्यातून बाहेर सोडतात. पाणी नेहमीसारखं पडत असेल तर भानगड आत आहे. थेंबथेंब पडत असेल किंवा नुसताच कोरडा, पांढरट धूर येत असेल तर भानगड पाण्याच्या वाटेवर आहे.

मग तपासणी बाहेरून आत जाते. नौकेच्या तळाशी पाणी घ्यायचा व्हॉल्व उघडा आहे का, त्याच्या तोंडाशी काही अडकलंय का. मग गाळणीची जाळी. मग पंप, त्याचा पट्टा, आतला रबरी इम्पेलर. मग हीट एक्स्चेंजर आणि त्यातला जस्ताचा तुकडा. मग थर्मोस्टॅट. मग धूर आणि पाणी जिथे एकत्र येतात तो कोपरा. आणि सगळ्यात शेवटी, मनात नसताना, हेड गॅस्केट.

आता या यादीतला एकेक जिन्नस उचलून विचारू या: हा इथे आला कधी आणि कशामुळे?

बंब, मिठागर आणि बॉयलर

सुरुवात वाफेपासून करावी लागते. एक फरक आधीच लक्षात ठेवू. आजच्या डिझेल इंजिनात पाणी फक्त थंड करायला असतं. वाफेच्या इंजिनात पाणी हेच कामाचं माध्यम होतं: त्याची वाफ करायची, वाफेने दट्ट्या हलवायचा, मग ती वाफ पुन्हा थंड करायची. दोन्ही ठिकाणी पाण्याचं काम वेगळं, पण समुद्रात दोघांपुढे अडचण एकच उभी राहिली.

जेम्स वॉटने १७६९ च्या पेटंटात वाफ थंड करण्यासाठी वेगळा कंडेन्सर आणला. त्यात वापरलेल्या वाफेवर थेट गार पाण्याचा फवारा मारत. जमिनीवर, नदीचं गोडं पाणी असताना, हे उत्तम चाललं. तेच इंजिन समुद्रावर गेलं तेव्हा फवारा खाऱ्या पाण्याचा झाला. वाफेचं शुद्ध पाणी त्या खाऱ्या पाण्यात मिसळलं आणि तेच मिश्रण पुन्हा बॉयलरमध्ये गेलं. म्हणजे बॉयलर जवळपास समुद्राच्याच पाण्यावर चालू लागला.

आपल्या घरी पूर्वी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असायचा. विहिरीचं पाणी जड असेल तर वर्षभरात बंबाच्या आत पांढरा थर बसायचा आणि मग पाणी तापायला वेळ लागायचा, लाकडं जास्त लागायची. आता विहिरीऐवजी समुद्राचं पाणी धरा. एक टन समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ किलो क्षार असतात. बंबाऐवजी काही टन पाण्याचा लोखंडी बॉयलर धरा, आणि तो दिवसरात्र पेटलेला.

इथे एक रसायनाची गोष्ट मध्ये येते. ती मिठागरवाल्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मिठागरात पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. मीठ बसण्याच्या पुष्कळ आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, खाली बसतं. आणि या जिप्समची रीत उलटी आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम सल्फेट पाणी जितकं तापेल तितकं कमी विरघळतं. म्हणजे ते नेमकं कुठे बसणार? जिथे धातू सगळ्यात जास्त तापलाय तिथे. आणि तो थर उष्णता अडवतो. आगीकडची पत्र्याची बाजू लाल होते, पाण्याकडची बाजू थराआड कोरडीच राहते, लोखंड मऊ पडतं आणि फुगतं. बॉयलरमध्ये पाणी भरपूर असतानाही पत्रा जळतो.

त्या काळच्या इंजिनिअरांनी यावर काढलेला उपाय होता पाणी फेकण्याचा. बॉयलरमधलं दाट झालेलं खारं पाणी ठरावीक वेळाने समुद्रात सोडायचं आणि नवं, कमी खारं पाणी घ्यायचं. खारेपणा ते बत्तिसाव्या भागात मोजत, कारण समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण बत्तिसावा हिस्सा क्षार असतो. मोजायची एक युक्तीही होती. बॉयलरमधलं थोडं पाणी उघड्या भांड्यात उकळायचं आणि थर्मामीटर बुडवायचा. पाणी जितकं खारं, तितका उत्कलनबिंदू वर. अंशाच्या काही दशांशांवरून बॉयलरची तब्येत कळायची.

पण याचा हिशेब मांडून बघा. बॉयलरचं पाणी समुद्राच्या दुप्पट खारं ठेवायचं असेल, तर आत घेतलेल्या पाण्यापैकी निम्मं पाणी तापवून बाहेर फेकावं लागतं. तिप्पट चालवून घेतलं तर एक तृतीयांश. म्हणजे विकत घेतलेल्या कोळशाने अरबी समुद्र तापवायचा.

मुंबईची गोष्ट

आणि इथे मुंबई येते. ह्यू लिंडसे हे वाफेचं जहाज मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलं गेलं. २० मार्च १८३० रोजी ते मुंबईहून सुएझला निघालं आणि वाटेत थांबत थांबत सुमारे महिनाभराने पोहोचलं. त्याची मोठी अडचण कोळसा ही होती. पहिला टप्पा एडनपर्यंतचा, आणि तेवढ्यासाठीच इतका कोळसा भरावा लागला की माणसांना नि सामानाला जागा उरली नाही. शाळेत आपण हे ‘वाफेच्या युगाची सुरुवात’ म्हणून शिकतो. पण त्या काळच्या समुद्री वाफेच्या जहाजांवर कोळसा का पुरत नव्हता, याच्या कारणांमध्ये हे खारं पाणी फेकणंही होतं, हे शिकवलं जात नाही.

याच वाडिया घराण्यातले अर्देशिर करसेटजी. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, आणि हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी कंपनीच्या मुंबईतल्या वाफ-कारखान्यात मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांनी काम हाती घेतलं, आणि त्यांच्या हाताखाली युरोपीय माणसं होती. त्या नेमणुकीच्या सन्मानाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्हाला तिच्यातलं रोजचं काम जास्त बोलकं वाटतं. जहाज बंदरात आलं की बॉयलर गार करायचे, माणसं आत शिरवायची आणि हातोड्या-छिन्नीने तो दगडासारखा थर फोडून काढायचा. ज्याने बंब खरवडलाय त्याला त्याची थोडी कल्पना येईल.

हे काम आणि भट्टीत कोळसा घालायचं काम पुढच्या शंभर वर्षांत फार मोठ्या प्रमाणात आपल्या उपखंडातल्या खलाशांनी केलं. जहाजाच्या भाषेत भट्टीवरच्या माणसाला ‘आगवाला’ म्हणत. टोळीच्या मुख्याला सारंग, त्याच्या खालच्याला टिंडेल. आपल्या मचव्यावरचा ‘तांडेल’ आणि तो ‘टिंडेल’ एकाच कुळातले शब्द. इंजिनच्या इतिहासात शोधकांची नावं राहतात. थर फोडणाऱ्यांचा फक्त हुद्दा राहिला.

समुद्र भिंतीपलीकडे ठेवा

यातून वाट काढली ती नॉटिंगहॅमशरमधल्या सॅम्युएल हॉल यांनी. त्यांचं पेटंट १८३४ चं. म्हणणं साधं होतं: समुद्राचं पाणी वापरा, पण वाफेत मिसळू देऊ नका. पातळ धातूच्या नळ्यांचा जुडगा घ्या. नळीच्या एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला समुद्र. उष्णता भिंतीतून पार होईल, मीठ होणार नाही. तेच गोडं पाणी फिरून फिरून बॉयलरला मिळेल. १८३८ मध्ये आयर्लंडहून निघून अटलांटिक पार केलेल्या सिरियस जहाजावर हे कंडेन्सर होते.

आता गंमत बघा. तुमच्या होडीवरचा हीट एक्स्चेंजर उघडला तर आत काय दिसतं? पातळ नळ्यांचा जुडगा. नळ्यांच्या आतून समुद्राचं पाणी, बाहेरून इंजिनाचं गोडं पाणी. हॉलचीच कल्पना, आकाराने हातभर.

इतकी साधी कल्पना, तर ती लगेच सगळ्यांनी उचलली असेल? नाही. सर्रास वापर व्हायला १८६० चं दशक उजाडलं. का? कारण त्या काळी सिलिंडरला वंगण म्हणून जनावरांची चरबी घालत. ती वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये जाऊन नळ्यांवर बसायची, मग उष्णता पार होईना. पुढे तीच चरबी बॉयलरमध्ये जाऊन आम्ल तयार करायची आणि लोखंड खायची. पूर्वी जो क्षारांचा थर वैरी होता, तोच पातळ असताना लोखंडाचं रक्षण करत होता, हे तो गेल्यावर कळलं. काही इंजिनिअर मुद्दाम थोडं समुद्राचं पाणी आत सोडून पातळ थर बसवून घेत! खनिज तेलाची वंगणं आली तेव्हा हा पेच सुटला. एक दुखणं बरं केलं की त्याने झाकलेलं दुसरं वर येतं, हे या इतिहासात वारंवार घडतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र वाफेचं नाहीच.

डेव्हींचा तुकडा

हम्फ्री डेव्ही हे नाव खाणीतल्या सुरक्षित दिव्यामुळे आपल्याला माहीत असतं. ब्रिटिश आरमार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत होतं. तांब्यामुळे लाकूड पोखरणारे किडे दूर राहत आणि बार्नेकल, शेवाळ धरत नसे. पण समुद्राचं पाणी तांबं खात होतं आणि पत्रे वरचेवर बदलावे लागत. आरमाराने डेव्हींना विचारलं.

१८२४ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे उत्तर मांडलं. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवा. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले की विजेचा घट तयार होतो आणि त्यातला एकच धातू झिजतो. जस्त झिजेल, तांबं वाचेल. पत्र्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा तुकडाही पुरतो. प्रयोग केले, तांबं खरोखरच झिजायचं थांबलं.

जहाजं समुद्रावर गेली आणि परत आली तेव्हा तळाला बार्नेकलचं रान माजलं होतं. जहाजं रखडत चालू लागली. कारण तांबं थोडं थोडं विरघळत होतं, तेच विष त्या जिवांना दूर ठेवत होतं. तांबं वाचवलं आणि त्याचा उपयोगच गेला. १८२५ मध्ये आरमाराने ते तुकडे काढायला लावले. वर्तमानपत्रांनी डेव्हींची टर उडवली.

पण डेव्हींचं विज्ञान चूक नव्हतं. जागा चुकली होती. आज बऱ्याच होड्यांच्या हीट एक्स्चेंजरमध्ये पेन्सिलीएवढा जस्ताचा तुकडा असतो, तो त्यांचाच. आतल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या वाचाव्यात म्हणून तो स्वतः झिजतो. अर्धा झिजला की बदलायचा. बदलला नाही तर दोन गोष्टी होतात: जस्त संपलं की नळ्यांना भोकं पडतात, आणि झिजलेल्या जस्ताचे तुकडे तुटून नळ्यांच्या तोंडाशीच अडकतात. राखणदारच वाट अडवून बसतो. म्हणून मेकॅनिक जस्त काढताना आधी त्याची लांबी बघतो. तुकडा आखूड निघाला तर उरलेला आत कुठे पडलाय ते शोधतो.

नळ्यांचीही एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश युद्धनौकांच्या कंडेन्सरच्या पितळी नळ्या इतक्या वारंवार फुटत, की त्या दुखण्याला एखाद्या आजारासारखं ‘कंडेन्सरायटिस’ असं नाव पडलं. एक बारीक भोक, आणि समुद्र बॉयलरमध्ये. नंतरच्या संशोधनात दिसलं, की वेगाने आत घुसणारं, बुडबुड्यांनी भरलेलं पाणी नळीच्या तोंडाशी धातूवरची संरक्षक पापुद्री उडवतं. उत्तर म्हणून तांबं आणि निकेलचे मिश्रधातू आले. आज चांगल्या एक्स्चेंजरच्या नळ्या त्याच्याच असतात.

डिझेल आणि गरम समुद्र

आता वाफ मागे टाकू. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गमध्ये नीट चाललं. १९१२ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेलं सेलांडिया हे डिझेलवरचं मोठं जहाज बँकॉकपर्यंत जाऊन आलं. इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के पंख्यापर्यंत पोहोचते. बाकीची धुरातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर काढावी लागते. म्हणजे इंजिन जेवढं काम करतं, त्याच्या थोडीच कमी उष्णता पाण्याने सतत उचलून न्यायची. पाणी थांबलं की काही मिनिटांत काटा चढतो.

लहान होड्यांच्या बऱ्याच इंजिनांमध्ये समुद्राचं पाणी थेट इंजिनाच्या पोटातून फिरवत. स्वस्त आणि सुटसुटीत. पण तोच जिप्सम, तोच थर! म्हणून अशी इंजिनं मुद्दाम थंड चालवावी लागत, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याने इंधन नीट जळत नाही, काजळी धरते. जिथे गोडं पाणी आत फिरतं आणि समुद्र हीट एक्स्चेंजरच्या भिंतीपलीकडे राहतो, तिथे ८० अंशांच्या वर आरामात चालतं. हॉलने वाफेसाठी दिलेलं उत्तर डिझेलने पुन्हा घेतलं.

पाणी ढकलण्यासाठी रबरी पंख्यांचा इम्पेलर आला. १९३१ मध्ये निओप्रीन हे तेलाला आणि उन्हाला टिकणारं कृत्रिम रबर जाहीर झालं. अशा रबरांमुळे हे पंप पसरले. पाती वाकतात, सरळ होतात आणि पाणी ओढतात. पण त्यांचं वंगणही ते पाणीच. कोरडा फिरला तर मिनिटा-दोन मिनिटांत पाती जळतात, तुटतात. तुटलेली पाती पुढे एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसतात. नुसता नवा इम्पेलर बसवून भागत नाही, जुन्याची सगळी पाती मोजून मिळाली पाहिजेत. आणि थर्मोस्टॅट: १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाची गोळी वापरली. मेण वितळताना फुगतं आणि व्हॉल्व उघडतं. ना वायर, ना वीज.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. स्वातंत्र्यानंतर मासेमारी नौकांना इंजिनं बसवायचा मोठा कार्यक्रम झाला. १९५३ मध्ये केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे नॉर्वेच्या मदतीचा प्रकल्प सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे नौकातज्ज्ञ आले. आपल्या कोकणपट्टीतही शिडाच्या होड्यांत इंजिनं बसू लागली.

इंजिनं आणि त्यांच्याबरोबरचं ज्ञान पुष्कळदा उत्तरेच्या गार समुद्रातून आलं. नॉर्वेजवळ उन्हाळ्यातही समुद्र पंधरा-सोळा अंशांच्या पुढे क्वचित जातो. आपला अरबी समुद्र वर्षातला बराच काळ २७ ते ३० अंश असतो. जगभर फिरणाऱ्या जहाजांची यंत्रं ३२ अंशांच्या समुद्राला पुरतील अशी धरण्याचा आज आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तो उगाच नाही. इंजिनाचं पाणी आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक जितका कमी, तितकी एक्स्चेंजरकडची शिल्लक कमी. नळ्यांवर पातळ थर बसला तरी गार समुद्रात निभावतं. इथे निभावत नाही. त्यात आपल्या पाण्यात बार्नेकल बारा महिने धरतात, आणि खाड्यांच्या तोंडाशी पावसानंतर गाळ असतो. अलीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्याही.

कर्जावर इंजिन मिळालं, पण त्याला समुद्रात समजून घेणारा माणूस कर्जावर मिळत नव्हता. १९६३ मध्ये कोचीनला मच्छीमार नौकांवरच्या माणसांना शिकवणारी केंद्रीय संस्था निघाली. तरीही बहुतेक ज्ञान धक्क्यावरच, एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. आम्ही सुरुवातीला ज्या यादीला दस्तऐवज म्हटलं, ती अशी तयार झाली.

यादी पुन्हा वाचू

आता ती यादी परत एकदा, आणि या वेळी एक प्रश्न जोडून: इंजिन अचानक तापलं, की महिनोन्‌महिने काटा थोडा थोडा वर येत होता?

अचानक तापलं तर कारण ताजं असतं. पिशवी तोंडाशी चिकटली, पट्टा तुटला, इम्पेलर गेला. जाळी काढा, पंप उघडा. जून-जुलैच्या बंदीत नौका ओढून ठेवलेली असेल, तर इम्पेलरची पाती दोन महिने एकाच जागी दबून राहतात आणि सुरू करताना तुटतात. म्हणून हंगामाच्या पहिल्या फेरीत बरेच जण फसतात. बंदीच्या आधी तो काढून ठेवणं आणि आतलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढणं, एवढ्याने पुष्कळ टळतं.

हळूहळू तापत असेल तर कारण जुनं असतं. नळ्यांवरचा थर, संपलेलं जस्त, धुराच्या कोपऱ्यात क्षार, गंज आणि काजळीने आवळत आलेली वाट. असं इंजिन मंद चालवलं तर ठीक असतं, वेग वाढवला की तापतं. बादली धरून धुराड्यातून ठरावीक वेळात पडणारं पाणी मोजलं आणि नौका नवी असतानाच्या मापाशी ताडलं तर बरंच कळतं. पण ते माप कुणीतरी लिहून ठेवलेलं पाहिजे. इतिहासवाल्यांचं हे आवडतं वाक्य आहे: नोंद नसेल तर बदल दिसत नाही.

आणि कधी कधी पाण्याची सगळी वाट साफ असते, तरी तापतं. तेव्हा होडीच्या तळाशी बघावं. बार्नेकल धरलेत का? पंख्याला दोर गुंडाळलाय का? तळ जड झाला की तोच वेग गाठायला इंजिनाला जास्त काम पडतं आणि ते तापतं. डेव्हींच्या जहाजांवरचं रान, तेच.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचं सार तपासणीच्या क्रमात आहे. समुद्र फुकट गारवा देतो, पण त्याच्याबरोबर मीठ, जीव आणि झीजही आत येते. दोनशे वर्षं माणसांनी त्या तिघांना अडवायला एकेक भिंत, जाळी, तुकडा आणि झडप बसवली. त्यातली प्रत्येक वस्तू स्वतःही झिजते. म्हणून ती तपासावी लागते, आणि समुद्राच्या बाजूनेच तपासत यावं लागतं.

प्रश्नोत्तरांतून

*एका श्रोत्यांनी विचारलं: थर्मोस्टॅटचा त्रास नको म्हणून आमच्याकडे तो काढूनच टाकतात. चालतं का?*

समुद्रावर, अडचणीत, घरी पोचण्यापुरतं समजू शकतं. कायमचं नको. इंजिन गार चालतं, इंधन अर्धवट जळतं, काजळी धरते आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसरी एक आडवाट बंद करतो. तो नसला की पाणी त्या आडवाटेने फिरत राहतं, एक्स्चेंजरकडे जातच नाही, आणि इंजिन उलट जास्त तापतं. आधी तो काढून गरम पाण्याच्या भांड्यात सोडून बघा, त्यावर लिहिलेल्या अंशाला उघडतो का. पाच मिनिटांचं काम आहे.

*दुसरा प्रश्न: तापलेल्या इंजिनात लगेच गार पाणी घालावं का?*

नाही. आणि झाकण तर मुळीच उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल केलं की ते उसळून तोंडावर, हातांवर येतं. यात माणसं भाजली आहेत. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन मंद चालवून तापमान उतरतंय का बघा. नाही उतरलं तर बंद करा, नांगर टाका, जवळच्या नौकेला कळवा, आणि ते गार होईपर्यंत बाहेरची जाळी साफ करायला घ्या. निम्म्या वेळा कारण तिथेच सापडतं, असं धक्क्यावरचे जुने लोक सांगतात. ते अनुभवाने सांगतात. आम्ही आज त्यामागचं कारण शोधायचा प्रयत्न केला.